मैदान आहे, गडी नाहीत
(भिलाई येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



बंद सभागृहात, पंख्याखाली, खुर्चीवर बसून 'मुलांनी बाहेर खेळावं' या विषयावर व्याख्यान ऐकायचं, आणि तेही ऐन खेळायच्या वेळेला, यातली गंमत माझ्या लक्षात आलेली आहे. पण त्याला इलाज नाही. मराठी माणूस नोकरीसाठी जिथे जिथे गेला तिथे त्यानं दोन गोष्टी सोबत नेल्या, एक गणपती आणि दुसरी व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात जी व्याख्यानमाला सुरू केली, तिचं लोण लोखंडाच्या कारखान्यापाठोपाठ भिलाईपर्यंत पोचलं. ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या म्हणे शेवटच्या तासाला वर्गाला बाहेरून कडी घालून सगळ्या मुलांना मैदानात हाकलत. हे मला तुमच्यापैकीच कुणीतरी सांगितलं. तेव्हा माझ्या विषयाला बाईंची आधीच संमती आहे असं मी धरून चालतो.

संयोजकांनी मला दिलेला विषय होता 'मुलं आणि मोबाइल'. तो मी थोडा वळवून घेतला. मोबाइल हा शब्द उच्चारला की सभागृहातले सगळे आजोबा माना डोलावतात, सगळ्या आया खाली बघतात, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी खिशात रिंगटोन वाजते. मुलाच्या हातातून फोन काढून घेणं हा या प्रश्नाचा सोपा भाग आहे. काढून घेतल्यावर त्या मुलानं जायचं कुठे आणि कुणाबरोबर, हा अवघड भाग. मी त्यावर बोलणार आहे.

कुठे जायचं, याचं उत्तर भिलाईत तरी तयार आहे. 2 फेब्रुवारी 1955 ला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. या चार वर्षांत इथल्या भाताच्या शेतांवर आणि माळावर नुसता कारखाना उभा राहिला नाही, गाव आखलं गेलं. सेक्टर म्हणजे काय, हे भिलाईकराला सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला सांगावं लागतं. प्रत्येक सेक्टरला त्याची शाळा, त्याचा बाजार, त्याचा दवाखाना आणि त्याचं मैदान. मोठा रस्ता ओलांडल्याशिवाय पोराला शाळेत आणि मैदानावर जाता यावं, इतका विचार कागदावर केलेला. शिवाय प्रत्येक क्वार्टरमागे परसबाग आणि तिच्यात आंबा, जांभूळ, पेरू. मुंबईतला मुलगा चेंडू मारताना खिडकी वाचवायला शिकतो, पुण्यातली मुलं हल्ली तासाच्या भाड्यानं टर्फ घेतात. भिलाईच्या मुलाला मैदान फुकट मिळालं, जन्मतःच.

आणि आज संध्याकाळी सेक्टरमधून एक चक्कर मारा. मैदान आहे. कुठे गवत वाढलंय, कुठे लग्नाचा मांडव पडलाय, कुठे गाडी शिकणारी मंडळी गोल गोल फिरताहेत. पण मैदान आहे. गडी नाहीत.

ते गेले कुठे? पहिलं उत्तर सरळ लोकसंख्येचं आहे. प्लांटमधले कायम कामगार एके काळच्या मानानं कितीतरी कमी झाले. जे निवृत्त झाले त्यांची मुलं पुणे, बंगळुरू, हैदराबाद गाठून बसली. क्वार्टरमध्ये आजी-आजोबा राहिले. प्लांटच्या कितीतरी शाळा बंद झाल्या, काही एकमेकींत मिसळल्या. ज्या स्ट्रीटवर पूर्वी हाक मारली की दोन संघ जमत, तिथे आता दोन मुलं असतात, त्यातलं एक तीन वर्षांचं. मुलं आहेत ती जुनवानी, कोहका, स्मृती नगरच्या नव्या वसाहतींत आणि फ्लॅटमध्ये. तिथे मैदान नाही, पार्किंग आहे. म्हणजे मैदान सेक्टरमध्ये आणि मुलं भलतीकडे, अशी आपली फाळणी झालेली आहे.

दुसरं उत्तर जरा बोचेल. भिलाई हे नुसतं पोलादाचं गाव राहिलेलं नाही, ते परीक्षांचं गाव आहे. इथून आयआयटीला जाणाऱ्या मुलांचा आपल्याला अभिमान आहे, आणि 2016 साली तर भिलाईच्या नावाची आयआयटीच सुरू झाली. या अभिमानाची किंमत कोण भरतं? आठवीतला मुलगा दोनच्या सुमारास शाळेतून येतो, जेवतो, जरा आडवा होतो. चारला ट्यूशन. सहाला सुटतो. मग अर्धा तास मोकळा, मग गृहपाठ, मग जेवण, मग पुन्हा अर्धा तास मोकळा. आई म्हणते, 'डॉक्टर, वेळ मिळाला की मोबाइलच घेऊन बसतो.' तुम्हीच सांगा, त्या अर्ध्या तासात त्यानं दुसरं काय करायचं? खेळाला सलग वेळ लागतो, आणि त्याच वेळेला चार इतर मुलंही मोकळी असावी लागतात. फोनला या दोन्ही गोष्टी लागत नाहीत. तो दहा मिनिटांतही भागतो आणि एकट्यानंही भागतो. आपण मुलांच्या दिवसाचे तुकडे केले. तुकड्यांत मावणारी एकच करमणूक होती, ती त्यांनी उचलली.

यात सूर्यही आपल्या बाजूनं नाही. घड्याळ सगळ्या देशाचं एक, पण भिलाई मुंबईच्या बरीच पूर्वेला आहे. आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा अर्ध्या तासाहून थोडा जास्त आधी मावळतो. डिसेंबरात साडेपाच वाजायच्या आत सूर्य बुडालेला असतो. चार ते सहा ट्यूशन लावलेल्या मुलानं हिवाळ्यात एकही संध्याकाळ उजेडात पाहिलेली नसते. आपला सगळ्यात सुंदर ऋतू तो, थंडी बेताची, आकाश स्वच्छ, आणि तो आपण ट्यूब लाइटखाली घालवतो.

आता माझ्या धंद्यातलं थोडं सांगतो, कारण ते मला नीट माहीत आहे. मी डोळ्यांचा डॉक्टर. लहान मुलांना लागणारा दूरचा चष्मा, ज्याला सगळे 'मायनस नंबर' म्हणतात, त्यात डोळ्याचं बुबुळ बिघडत नाही. डोळा मागच्या बाजूला लांबतो. लांबला की लांबला, तो परत आखूड होत नाही. आपण चष्मा देतो तो फक्त अंधुक चित्र पडद्यावर आणून ठेवतो. नंबर फार वाढला तर पुढे पडद्याला धोका. म्हणून सहा ते बारा या वयात तो लागूच नये किंवा उशिरा लागावा, यासाठी जगभर धडपड चालली आहे.

वर्षानुवर्षं समज असा होता की फार वाचल्यानं चष्मा लागतो. 2008 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सिंगापूर आणि सिडनी, दोन्हीकडची सहा-सात वर्षांची मुलं, सगळी चिनी वंशाची, दोन्हीकडच्या आई-बापांना चष्मा असण्याचं प्रमाण जवळपास सारखं. सिंगापूरच्या मुलांत मायनस नंबर 29 टक्क्यांना, सिडनीच्या मुलांत 3 टक्क्यांच्या जरा वर. गंमत म्हणजे पुस्तकं सिडनीची मुलं जास्त वाचत होती. मग फरक कशाचा? सिडनीची मुलं आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर असत, सिंगापूरची तीन. पुढे चीनमधल्या ग्वांगझूत बारा शाळा घेतल्या. निम्म्या शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर दिला. तीन वर्षांनी बघितलं तर एरवीच्या शाळांत साडेएकोणचाळीस टक्के मुलांना नवा नंबर लागला होता, उघड्यावरच्या तासाच्या शाळांत तीस टक्क्यांना. 2015 साली हे छापून आलं. मुख्य भर होता तो या रोजच्या चाळीस मिनिटांवर. तैवाननं तर 2010 पासून शाळांना मुलांचे रोज दोन तास बाहेर घालवायला सांगितलं, आणि वर्षानुवर्षं चढत आलेला त्यांचा आलेख त्यानंतर उतरणीला लागला.

हे का होतं? उजेडामुळे. आपल्या वर्गात किंवा दिवाणखान्यात उजेड असतो तीनशे ते पाचशे लक्स. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा तो काही हजार असतो, भर दुपारी उन्हात लाखाच्या घरात. भरपूर उजेड पडला की डोळ्याच्या पडद्यातून डोपामिन स्रवतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला लगाम घालतं, असं आजवरच्या संशोधनावरून दिसतं. म्हणजे मुलानं उन्हात तापायचं कारण नाही. सकाळी सातचा उजेड पुरतो, कडुलिंबाची सावली पुरते, डोक्यावर टोपी असली तरी चालते. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर उद्या कुणीतरी पोराचा चष्मा काढून ठेवेल. बाहेर खेळणं नंबर लागण्याआधी जितकं उपयोगी, तितकं लागल्यानंतर तो वाढू नये म्हणून उपयोगी आहे याचा पुरावा त्या मानानं कच्चा आहे. लागलेला चष्मा घालायचाच, आणि घालूनच खेळायचं.

माझ्या दवाखान्यात एकदा एक मुलगा आला होता, नऊ-दहा वर्षांचा. सोबत आई आणि आजोबा. नाकावर तपासणीची ती जड चौकट, तिच्यात मी काचा बदलतोय, तो पाय हलवत अक्षरं वाचतोय. दीड आला, गेल्या खेपेला पाऊण होता. आई म्हणाली, 'बघा, मोबाइल!' मुलगा चौकटीतूनच म्हणाला, 'क्लासचं पण त्याच्यावरच येतं ना.' आजोबा म्हणाले, 'आमच्या वेळी असं नव्हतं.' मी मुलाला विचारलं, 'काय खेळतोस?' 'फ्री फायर.' 'तसं नाही रे, बाहेर.' तो म्हणाला, 'बाहेर कोणी नसतं.' मी नंबर लिहून दिला. त्या 'कोणी नसतं'वर लिहून द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

पुस्तकाबद्दल बोललो की पालक नाराज होतात. पुस्तक डोळ्याला मोबाइलपेक्षा पवित्र वाटत नाही. दोन्ही वीतभर अंतरावर, दोन्ही घरात. फोनचा अपराध जास्त अशासाठी की तो सुटत नाही, आणि झोपेत शिरतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं मर्यादा घालून दिल्यात. दोन वर्षांच्या आत स्क्रीन मुळीच नाही, दोन ते पाच वर्षांत तासाभराच्या वर नाही, पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाला रोज सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. आकडे तुम्ही फ्रिजवर चिकटवू शकता. पण फ्रिजवरचा कागद मुलाबरोबर खेळायला येत नाही.

आता खेळाकडे येतो. शाळेतल्या पीटीचं, क्रिकेटच्या कोचिंगचं मी बोलत नाही. ते चांगलंच आहे, पण त्यात शिट्टी मोठ्यांच्या तोंडात असते. मी बोलतोय लगोरीचं, ज्याला आपली इथली मुलं पिट्ठुल म्हणतात. फरशीचे सात तुकडे, मोठ्यावर लहान, आणि केस गेलेला टेनिसचा चेंडू. रुआबांध्याकडे एका रिकाम्या प्लॉटवर मी हा खेळ उभा राहून पाहिला. पाऊण तासातली पंचवीस मिनिटं भांडणात गेली. 'लगा!' 'नहीं लगा, शर्ट को लगा.' 'शर्ट पण तूच घातलाय ना!' हे शेवटचं मराठीत, आणि त्यावर सगळे हसले. मग एका थोराड मुलीनं निकाल दिला की दाम पुन्हा घ्यायचा. हरलेल्यांनी कुरकुर केली आणि निकाल मानला, कारण मानला नसता तर खेळ मोडला असता. सगळ्यात लहान पोराला त्यांनी 'कच्चा लिंबू' करून ठेवलं होतं. मराठी घरातलं असो, छत्तीसगढी असो की तेलुगू, कच्चा लिंबू हा दर्जा त्याला मिळतोच. तो बाद होत नाही, पण पळतो सगळ्यांबरोबर. स्क्रीनवरच्या कुठल्या खेळात कमजोर गड्यासाठी नियम असा वाकवतात? तिथे यंत्र नियम चालवतं, आणि यंत्राशी भांडता येत नाही. मुलं बाहेर काय शिकतात असं विचारलंत तर मी म्हणेन, भांडायला शिकतात. नियम मोडल्यावर खेळ न मोडता भांडायला.

आपलं भाग्य असं की या मातीत आपल्या खेळांची जुळी भावंडं आधीच होती. आपला भोवरा, यांचा भंवरा. आपल्या गोट्या, यांची बांटी. विटीदांडू आणि गिल्ली-डंडा तर सगळ्या देशाचे. फुगडी दोन्हीकडे, फक्त इथली उकिडवं बसून पाय पुढेमागे टाकत घालायची, जी आपल्या आत्याबाईंना जमणार नाही. आपण जिला दिव्यांची अमावास्या म्हणतो, त्याच दिवशी इथे हरेली. शेतकरी नांगर-कुदळ धुऊन पुजतो आणि मुलांना बांबूच्या गेड्या करून देतो. चिखलात पाय न बुडवता फिरायची उंच पावलं ती. पहिल्या दिवशी दहा पावलांत पडतात, पोळ्यापर्यंत त्यावर धावतात. पोळाही दोघांचा. नागपूरच्या तान्ह्या पोळ्यात मुलं लाकडी बैल सजवून आणतात, दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळापासून. इथे पोळ्याला, म्हणजे यांच्या पोराला, मातीचा नंदिया बैल चाकांवर ओढतात. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात छत्तीसगढ होतं, तेव्हा हे सगळं कुणी कुणाकडून घेतलं याची चौकशी इतिहासाच्या प्राध्यापकांनी करावी. मला एवढंच दिसतं की आपल्या मुलाला शेजारच्या छत्तीसगढी मुलाशी खेळायला नियम नव्यानं शिकावे लागत नाहीत.

ऑक्टोबर 2022 मध्ये राज्य सरकारनं 'छत्तीसगढिया ऑलिंपिक' भरवलं. गेडी, पिट्ठुल, बांटी, बिल्लस, फुगडी असे चौदा खेळ, वयाची अट नाही. नातवंडांबरोबर आज्या उतरल्या. मला ते फार आवडलं. पण स्पर्धा संपली की पदक कपाटात जातं आणि बांटी पुन्हा दुकानात. देशी खेळ मोठ्या मांडवात नेणं आपण मराठी माणसांनी एकदा केलंच आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गड्यांनी 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवले. कबड्डी, खो-खो मोठे झाले, त्यांना मॅट आली, प्रायोजक आले. आणि आट्यापाट्या? त्या गल्लीतून गेल्या, कारण गल्लीत मुलंच उरली नाहीत. मैदानी खेळ वाचवायला स्टेडियम पुरत नाही.

मुलींचा विषय वेगळा काढतो, कारण 'आमच्या वेळी सगळे बाहेर खेळायचे' म्हणणाऱ्या पुरुषांना मी नेहमी विचारतो, 'तुमच्या बहिणी?' मग थोडी शांतता पसरते. सातवी-आठवीनंतर मुलगी मैदानातून अलगद नाहीशी होते. कुणी तिला हाकलत नाही. फक्त मैदानाजवळ स्वच्छतागृह नसतं, दिवा नसतो, आणि कट्ट्यावर रिकामटेकडे बसलेले असतात. तिच्या हातातला फोन ही तिची एकटीची जागा आहे. ती काढून घेण्याआधी दुसरी द्या. आणि भिलाईनं ती देऊन दाखवलेली आहे. राजेश पटेल सरांनी इथे बास्केटबॉलच्या कोर्टवर मुलींच्या पिढ्या घडवल्या, देशाच्या संघात पाठवल्या, छत्तीसगढच्या मुलींचा संघ राष्ट्रीय स्पर्धांमध्ये धाक वाटावा असा केला. 2018 साली सर गेले. आणि आपल्या शेजारच्या दुर्गची सबा अंजुम मँचेस्टरला 2002 साली राष्ट्रकुल सुवर्ण जिंकणाऱ्या हॉकी संघात होती, पुढे भारताची कर्णधार झाली. या मुलींच्या घरी पैसाअडका फार नव्हता. त्यांना ठरलेल्या वेळेला उघडं असणारं मैदान मिळालं, आणि तिथे त्यांची वाट बघणारा एक मोठा माणूस.

ठरलेली वेळ. इथे मला सांगली जिल्ह्यात जायचं आहे. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे, तीनएक हजार वस्तीचं. करोनात शाळा बंद झाल्या, मुलांच्या हाती फोन आले, शाळा उघडल्या तरी फोन सुटेनात. 2022 च्या ऑगस्टमध्ये गावानं ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल. वाजला की टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठपर्यंत. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं बोलत बसतात. ठराव बायकांनी उचलून धरला, आणि नियम सगळ्यांना, मालिका बघणाऱ्या सासूबाईंनासुद्धा. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं वेगळा ठराव केला: अठराच्या आतल्या मुलांना मोबाइलबंदी.

दोन्ही गावांची तळमळ सारखीच खरी. पण माझं मत वडगावच्या बाजूनं आहे. बंदी मुलावर असते, भोंगा गावावर असतो. बंदीची राखण करावी लागते, आणि राखण करणाऱ्याच्या हातात फोन असतो. मोठ्या देशांचंही हेच झालंय. दक्षिण कोरियानं 2011 मध्ये सोळाच्या आतल्यांना मध्यरात्रीनंतर ऑनलाइन गेमची बंदी केली आणि दहा वर्षांनी कायदा मागे घेतला. चीननं 2021 मध्ये मुलांच्या ऑनलाइन गेमला आठवड्याला तीन तास ठरवून दिले. ऑस्ट्रेलियात डिसेंबर 2025 पासून सोळाच्या आत समाजमाध्यमांना मनाई. सरकारांनी करायचं ते जरूर करावं, कंपन्यांना वेसण घालायलाच हवी. पण यातला एकही कायदा संध्याकाळी पाच वाजता चार मुलं एका जागी आणत नाही. वडगावच्या भोंग्यानं तेवढं केलं: सगळ्यांची वेळ एक केली. फक्त वडगावनं ती अभ्यासाला दिली. मला त्याच्या आधीची हवी आहे, उजेडातली.

आणि वेळेवर चालणं हे भिलाईला कुणी शिकवायचं? सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा. तीन पाळ्यांवर या गावानं साठ-पासष्ट वर्षं काढली. बाप नाइट करून आला की घरात आवाज करायचा नाही, हे तीन वर्षांच्या पोरालाही कळत होतं. भट्टी थंड होऊ द्यायची नाही म्हणून आपण जेवणाच्या, झोपेच्या, लग्नाच्या मुहूर्ताच्या वेळा बदलल्या. मग पोरांच्या खेळासाठी ट्यूशनची एक बॅच बदलता येत नाही?

फोनच्या बाजूनंही दोन शब्द बोलले पाहिजेत. एप्रिल 2020 मध्ये 'पढ़ई तुंहर दुआर' ही ऑनलाइन शिक्षणाची सरकारी योजना सुरू झाली तेव्हा छत्तीसगढच्या मुलांचं शिक्षण याच फोनवर तगलं. पुण्यातला नातू भिलाईच्या आजीला रोज दिसतो तो याच्यातच. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत 2018 साली ग्रामीण भारतातल्या छत्तीस टक्के घरांत स्मार्टफोन होता, 2022 मध्ये जवळजवळ पंचाहत्तर टक्के घरांत. तो आता परत जाणार नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही. पण मुलाला 'ठेव तो' म्हणताना आपला आपल्या हातात असतो, हे मुलं बघतात आणि हिशोबात धरतात.

म्हणून ही व्याख्यानमाला भरवणाऱ्या मंडळाकडे माझी मागणी आहे, भाषणाच्या मानधनाऐवजी समजा. मंडळाचं आवार आठवड्यातले पाच दिवस मुलांसाठी उघडं ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सव्वाचार ते साडेपाच. मार्चपासून उन्हाळाभर पहाटे पावणेसहा ते सात, कारण आपल्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाशी खेळतो आणि तेव्हा संध्याकाळीही जमीन भाजते. पावसाळ्यात पाच ते सहा, चिखलासह. सर्व वयांची मुलं एकत्र, सर्व भाषांची. कोच नको, शिट्टी नको, बक्षिसं तर मुळीच नकोत. चेंडू, दोरी, फरशीचे तुकडे, पिण्याचं पाणी, आणि मुलींसाठी उघडं स्वच्छतागृह. कोपऱ्यात खुर्ची टाकून एक मोठं माणूस बसेल, वर्तमानपत्र घेऊन. त्यानं भांडणात पडायचं नाही, रक्त आलं तरच उठायचं. आज इथे निवृत्त मंडळी इतकी बसली आहेत की वार वाटून घेतले तर महिन्यातून एकदाच पाळी येईल. जुनवानी-कोहक्याची मुलं आणायची जबाबदारी त्या वसाहतीतल्या आईबापांनी गाड्या वाटून घ्यावी. आणि एकाच शिक्षकाकडे जाणाऱ्या आठ-दहा मुलांच्या पालकांनी मिळून त्यांना सांगावं की थंडीत बॅच सहानंतर घ्या. एकट्यानं सांगितलं तर शिक्षक ऐकणार नाहीत, दहा जणांचं ऐकतील. त्यांनाही घर चालवायचं आहे.

पहिले पंधरा दिवस तीनच मुलं येतील. त्यातलं एक रडत जाईल. तरी कुलूप वेळेवर उघडायचं. सचिवांशी मी चहाच्या वेळी बोललो आहे, त्यांची हरकत नाही. प्रश्न फक्त फाटकाच्या चावीचा आहे, तिची आणखी एक करून घ्यावी लागेल आणि सोमवारची खुर्ची कोण घेणार ते ठरवावं लागेल. मागच्या रांगेत हात वर झालेला दिसतोय. आपण उभे राहून नाव सांगता का?